गूळ घेतला, पाणी परत केले

नितळ दिसणारे पाणी पिण्याजोगे असतेच का? हा प्रश्न आमच्या सुमतीअक्काचा. त्याचे तिने दिलेले उत्तर नोंदवावे म्हणून हा लेख. महिन्यापूर्वी सप्तापूरच्या तिच्या राहत्या घरी ती वारली. "सर, अक्का गेल्या..." एवढेच रत्ना फोनवर बोलू शकली. अक्का शाळेत विज्ञान शिकवी, मी गणित. रत्ना आम्हा दोघांची विद्यार्थिनी.

लग्नानंतर रत्ना हुबळीच्या कडेला, तळ्याकाठच्या वस्तीत राहायला गेली. जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या जागेवरचे सांडपाणी त्या तळ्यात उतरे. वस्तीतल्या बोअरचे पाणी मात्र काचेसारखे. रत्नाला दिवस गेल्याचे कळताच अक्काने त्या पाण्याची बाटली प्रयोगशाळेत दिली. पाण्यात शिसे निघाले, मर्यादेहून अधिक.

ते सांगायला आम्ही दोघे गेलो. रत्नाच्या सासूबाईंनी, काशव्वांनी, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे गूळ-पाणी पुढे ठेवले. अक्काने गूळ खाल्ला आणि पाण्याचा पेला हळूच मागे सरकवला. घर बौद्धांचे. पाणी नाकारण्याचा अर्थ त्या घराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता.

"एवढी वर्षं येताय बाई," काशव्वा म्हणाल्या, "आणि आज आमचं पाणी चालंना होय?"

अक्काने अहवाल बाहेर काढलाच नाही. एक रिकामा पेला मागितला, आपल्या घरून आणलेल्या पाण्याच्या बाटलीतून भरला आणि म्हणाली, "आधी तुम्ही." काशव्वांनी रागारागाने, तोंड लावून, अर्धा पेला संपवला. उरलेले पाणी अक्का प्यायली.

"तुमचं उष्टं चाललं, काशव्वा. चालत नाही ते बोअरमधलं शिसं."

"उकळून प्यालं तर?"

"उकळून जंतू मरतात. शिसं मरत नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं. पोटातल्या बाळाला ते बाधतं."

काशव्वांनी सुनेकडे पाहिले. म्हणाल्या, "बरं. पण काय वो बाई, तुमच्या पाण्याला चवच न्हाई!"

"नसू दे की!" अक्का खळखळून हसली.

गणितात पायऱ्यांचा क्रम चुकला की उत्तर चुकते. अक्काने आधी मान दिला, माहिती नंतर. अहवाल प्रथम वाचला असता, तर त्या घराने तो ऐकलाही नसता.

दुसऱ्या दिवसापासून काशव्वाच बोअरपाशी उभ्या राहून कानडीत नि मराठीत बायकांना दटावू लागल्या: "धुण्याला न्या, पिण्याला नको!" वस्तीने मागणी लावून धरली, यथावकाश नळ आला. रत्नाची मुलगी आता शाळेत जाते. तिला आपण वाचवले, असे अक्का कधीच म्हणाली नाही. "एक धोका कमी केला, एवढंच सिद्ध होतं," हे तिचे शब्द.

परवा त्या घरी गेलो. काशव्वांनी गूळ ठेवला, नळाच्या पाण्याने तोच पेला भरला, माझ्या हाती देण्याआधी स्वतः अर्धा प्यायल्या आणि उरलेला पुढे केला. मी तो संपवला.

आपल्या बोअरचे पाणी कितीही नितळ असो, त्यात धातू आहेत का हे प्रयोगशाळेतून तपासून घ्या. मी लिहिले म्हणून मानू नका; स्वतः पाहा.