खुंट्यांवर वाळत घातलेलं लुगडं

मोजणी हा शब्द मला अजूनही नको वाटतो.

मुलाने तो जेवताना सहज उच्चारला. मागच्या अंगणात माझ्यासाठी एक खोली बांधायची, असं त्याचं आणि सुनेचं ठरलं होतं. माझे गुडघे आता जिना चढत नाहीत, आणि या घरातल्या झोपायच्या खोल्या सगळ्या वर आहेत. म्हणून तेव्हा मी खाली, हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचे. पाहुणे यायचे असले की माझी पांघरुणं कपाटात कोंबायचे आणि ते जाईपर्यंत स्वयंपाकघरात काहीतरी पुसत राहायचे. मला त्याचं काही वाटत नव्हतं, सुनेला ते बघवत नव्हतं. छोटीशीच खोली करू म्हणाली, न्हाणीसकट, दाराला उंबरठा नसलेली.

"पण आधी सर्व्हे करून घ्यावा लागेल," मुलगा म्हणाला. "म्हणजे मोजणी."

माझा हात तव्यावर तसाच राहिला. पोळी करपल्याचा वास आल्यावर भानावर आले.

गावी आमचं घर आणि माझ्या सासऱ्यांच्या चुलतभावाचं घर शेजारी शेजारी होतं. मधे हातभर बोळ. दोन्ही घरांच्या वळचणीचं पाणी त्या बोळात पडायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा पलीकडच्या जावेने मला सांभाळून घेतलं. चौथीनंतर माझी शाळा सुटली होती, चार माणसांत तोंडातून शब्द फुटायचा नाही. ती माझ्या वाटचंही बोलायची. पाण्याला, सरपणाला, विहारात वंदनेला आम्ही बरोबर जायचो. पुढे तिच्या नवऱ्याने भिंत बांधायला काढली. आमच्या घरच्यांना वाटलं ती बोळात सरकली, आणि त्यांनी मोजणी मागवली. मोजणीदाराने फीत धरली, चुन्याच्या खुणा केल्या. जागा कुणाची निघाली ते मला आता आठवत नाही. त्या दिवसापासून जाऊ समोरून आली की पदर पुढे ओढून घ्यायची, एवढं आठवतं. ती वारली तेव्हाही आमच्या दोन्ही घरांचं बोलणं नव्हतं. आमच्याकडे मोजणी मागवणं म्हणजे शेजाऱ्याला तोंडावर चोर म्हणणं.

आणि इथे अमेरिकेत, बॉथेलमध्ये, माझ्या ओळखीचं म्हणावं असं घराबाहेरचं माणूस एकच होतं, ते म्हणजे शेजारीण.

ती माझ्याहून मोठी. नवरा कधीच गेलेला, घरात एकटीच, हातात काठी. आमच्या दोन अंगणांमधलं कुंपण लाकडी फळ्यांचं होतं, माणसाहून उंच. त्यातली एक फळी कुजून निघाली होती. त्या फटीतून आमचं देणंघेणं चालायचं. मी पहिल्यांदा मेथीची जुडी दिली तेव्हा तिने ती हुंगली आणि तिला शिंकच आली. तिने मला एक लाल देठांची भाजी दिली आणि तिची पानं खायची नाहीत, हे गळ्यावरून बोट फिरवून सांगितलं. मी घाबरून ती भाजी फेकणार होते. सून म्हणाली, फक्त पानं विषारी असतात, देठ खातात. चवीला आंबट. मी अंबाडीसारखी वरणात घातली. मग ती दर उन्हाळ्यात द्यायला लागली. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. कुणी चुकलं तर कळायचंच नाही, म्हणून तिच्याशी बोलताना मला लाज वाटत नसे.

खिडकीतून त्या फटीकडे बघत मी मुलाला म्हणाले, "कुंपण आहे ना. त्याच्यापासून मोजा."

सून समजावू लागली. इथे आपल्या जागेतही अगदी कडेपर्यंत बांधता येत नाही, हद्दीपासून अमुक इतके फूट मोकळे सोडावे लागतात. त्याला सेटबॅक म्हणतात. किती उंच बांधायचं, छप्पर किती पुढे काढायचं, पावसाचं पाणी कुठे जाणार, सगळ्याचे नियम. मला ते पटलं. वळचणीचं पाणी दुसऱ्याच्या दारात पडू नये, हे मला कुणी शिकवायला नको.

"पण कुंपण म्हणजे लाइन नाही, आई," ती म्हणाली. "कुंपण कुणीही कुठेही घालतं. खरी लाइन कागदावर असते, आणि कोपऱ्यात जमिनीत लोखंडी पिन पुरलेली असते. अंदाजाने बांधलं आणि चुकलं, तर पाडायला लावतात."

मुलाने ओळखीतल्या एका काकांचं उदाहरण दिलं. त्यांनी कुंपण धरून मागे शेड बांधली, ती निघाली शेजाऱ्याच्या जागेत. काकूंनी तोवर आत लोणच्याच्या बरण्या लावून ठेवल्या होत्या. आता काका कुणाच्याही घरी गेले की लोक आधी त्यांना कुंपण दाखवतात. दोघं हसले. मला हसू आलं नाही.

"आपण न सांगता मोजणारे आणले, तर तिला काय वाटेल?" मी विचारलं.

"तिला काही वाटणार नाही गं. इथे न मोजता बांधलं तर भांडण होतं."

"आधी सांगा तरी तिला."

"तूच सांग की. तुझी मैत्रीण आहे."

तो चेष्टेने म्हणाला, पण मी ते मनावर घेतलं. आमच्याकडे पाया खणायच्या आधी शेजारी जाऊन सांगायची पद्धत होती. हातात काहीतरी घेऊन जायचं, म्हणायचं, आम्ही बांधतोय, धुरळा उडेल, सांभाळून घ्या. सुनेकडून मी तेवढं इंग्रजीत शिकून घेतलं आणि भांडी घासताना घोकत राहिले. आम्ही खोली बांधतोय, तुम्हाला त्रास होईल, माफ करा. वाक्य पाठ झालं. कोथिंबिरीची जुडी घेऊन फटीपाशी गेले. ती पलीकडे वाफ्यात वाकली होती. तिने मान वर करायच्या आतच मी मागे फिरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तेव्हा ती घरात होती. मला बरंच वाटलं, आणि बरं वाटलं याची भीतीही वाटली.

मग मोजणीवाले आले. एक बाई आणि एक माणूस, दोघांच्या अंगात पिवळी जाकिटं. बाईने तीन पायांच्या काठीवर यंत्र बसवलं. माणूस जमिनीवरून एक दांडा फिरवत होता, तो मधेच किर्रर्र करायचा. मागच्या कोपऱ्यात त्याने शेवाळ उकरलं, माती काढली, आणि खाली खरंच गंजलेली लोखंडी खुंटी निघाली. मी खिडकीतून बघत होते. पुढचा कोपरा कुंपणाला बरोबर जुळला. पण मागची पिन कुंपणापासून चांगली दीड हात आत, आमच्या अंगणात निघाली. त्या दोन टोकांमधे त्यांनी लाकडी खुंट्या ठोकल्या आणि प्रत्येकीला गुलाबी फीत बांधली.

शेवटच्या खुंट्या माझ्या भाजीच्या वाफ्यात उभ्या होत्या. मेथी, कोथिंबीर, मुळे, सगळं खुंट्यांच्या पलीकडे. म्हणजे इतकी वर्षं मी तिच्याच जमिनीत भाजी पिकवत होते आणि तिलाच भेट म्हणून देत होते.

मुलगा आणि सून ऑफिसातून यायला अवकाश होता. मोजणीवाले गाडीत बसून गेले. पलीकडून तिने फटीतून बघितलं असतं तर गुलाबी फिती लगेच दिसल्या असत्या. ती बघणार, मोजणार, आणि तिला कळणार की आम्ही तिची जागा खाऊन बसलोय. वर आम्हीच मोजणी मागवलेली. खुंट्या उपटायचा विचार आला, पण ते सरकारी काम असेल, या भीतीने हात लावला नाही. काहीतरी झाकायला हवं होतं. गावाहून आणलेलं एक जुनं नऊवारी लुगडं माझ्याकडे आहे, आता नेसत नाही. ते बेसिनमध्ये भिजवलं, पिळलं, आणि या खुंटीवरून त्या खुंटीवर असं लांबवर वाळत घातलं. नऊवार होतं म्हणून सगळ्या खुंट्या झाकल्या गेल्या.

संध्याकाळी सून मागच्या दारात उभी राहिली. बाहेर झिमझिम चालू होती.

"आई, पावसात वाळत घातलंत?"

"वाळेल हळूहळू," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं, लुगड्याकडे बघितलं, आणि ती आत गेली. रात्री मुलाने खोलीचं चित्र काढलं. हद्द आत सरकल्यामुळे सोडायचे पाच फूटही आत सरकले, खोली अरुंद झाली. तो म्हणाला, जमेल. मला खोलीचं काही नव्हतं. खोली नाही झाली तरी सोफा आहे. पलीकडच्या घरात दिवा लागला की मी आमचा हॉलमधला दिवा मालवून टाकायचे.

सून घरून काम करत होती त्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात शेजारीण. ती पुढच्या दाराने कधीच आली नव्हती. गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट, डोक्यावर टोपी. ती सुनेशी काहीतरी बोलली आणि काठीने मागच्या बाजूला दाखवलं. आम्ही तिघी अंगणात गेलो. लुगडं अजून ओलंच होतं. तिने काठीच्या टोकाने त्याचा काठ उचलला, खालची गुलाबी फीत बघितली, आणि लुगडं हळूच परत खाली सोडलं. मग ती सुनेशी बराच वेळ बोलत राहिली. मला एक शब्द कळत नव्हता. मी सुनेच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो आधी मोकळा झाला, मग एकदम उतरला. मला वाटलं, संपलं.

"त्यांना माहीत होतं, आई," सून म्हणाली. "हे कुंपण त्यांच्या मिस्टरांनी घातलंय. मागे मोठ्या झाडाचा बुंधा होता, मुळांमुळे खांब रोवता येईनात. म्हणून त्यांनी कुंपण स्वतःच्या बाजूला वळवून घेतलं. मग कुणी मोजलंच नाही."

"रागावल्यात का त्या?"

"नाही. पण कुंपण सरळ करून घेऊ म्हणतात. त्या घर विकताहेत. लेकीकडे जाणार आहेत, दुसऱ्या राज्यात." सून पुढे सांगू लागली. "म्हणतात, नवीन येणारा माणूस कसा निघेल सांगता येत नाही. त्याने येऊन तुमच्याशी भांडण्यापेक्षा मी आहे तोवर नीट करून टाकू."

राग सोसायची मी तयारी केली होती. हे मला अजिबात सुचलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी म्हणावं म्हणून. मला फक्त ते पाठ केलेलं वाक्य आठवलं. आम्ही खोली बांधतोय, तुम्हाला त्रास होईल, माफ करा. तेच मी म्हणून टाकलं, तेही मधे अडखळत. ती शेवटपर्यंत ऐकत थांबली. मग तिने माझ्या दंडावर हात ठेवला आणि वाफ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. सून म्हणाली, त्या म्हणताहेत आधी भाजी काढून घ्या, घाई नाही.

भाजी निघाली. कुंपणवाल्यांनी जुन्या फळ्या काढल्या तेव्हा थोडे दिवस मधे काहीच नव्हतं, तिचं अंगण आणि आमचं अंगण एकच. ती काठी टेकत सरळ चालत यायची. मग नवं कुंपण उभं राहिलं, दोरी धरल्यासारखं सरळ. त्याला फट नव्हती. एक फळी सोडा, असं मला सांगायचं होतं, पण त्या अनोळखी माणसांना सांगायचा धीर झाला नाही.

जायच्या आधी ती लाल देठांच्या भाजीचा गड्डा मुळासकट घेऊन आली. खड्डा कुठे घ्यायचा तेही तिनेच दाखवलं. काठी कुंपणाला आडवी लावली, काठीभर जागा सोडली, आणि हात पसरून सांगितलं की हे खूप पसरतं. मी मान हलवली. यात भाषेची गरज नव्हती.

आता मी खोलीत राहते. अरुंद आहे, पण खिडकीत बुद्धमूर्ती ठेवायला जागा निघाली. पाऊस आला की मी आधी पागोळ्या बघते. पाणी आमच्याच बाजूला पडतं, तरी बघते. पलीकडे नवे लोक आलेत. परवा तो माणूस कुंपणापाशी उभा राहून माझ्या छपराकडे बराच वेळ बघत होता. त्याच्या मनात काय होतं कुणास ठाऊक. मुलगा म्हणतो, बघू दे, आपलं सगळं मोजलेलं आहे.

काल देठं तोडण्याजोगी झाली. मी पानं काढली, जुडी बांधली, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. सुनेकडून नवं वाक्यही शिकून घेतलं. मी शेजारी राहते, ही भाजी, पानं खाऊ नका. सकाळपासून दोनदा चपला घातल्या. त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले, बेल वाजवली नाही. जुडी अजून ताजी आहे.