कोटाच्या पाठीचा तुकडा

शिवणबाईंचं तोंड एकदा सुरू झालं की थांबवणं कठीण, आणि धाकट्या बहिणीचा विषय निघाला की त्यांना बोलतं करणं कठीण. दोघी एकाच गल्लीत राहायच्या, एकाच चर्चमध्ये जायच्या, पण दोघींमधून विस्तव जात नव्हता. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं धाकटीने केलं. शिवणबाई नुसत्या "येते, येते" म्हणत राहिल्या. कामं अंगावर होती, मशीन सोडवत नव्हतं. पोचल्या त्या एकदम मातीलाच. आणि वर आईचा निळा कोट मागितला, का तर तो त्यांनी शिवलेला. धाकटी म्हणाली, "मिळणार नाही." झालं, तेव्हापासून अबोला.

यंदा पाळकसाहेबांनी चर्चच्या तरुण मुलांसाठी एक काम काढलं. मोठा कापडी पडदा करायचा आणि त्यावर प्रत्येकाने एकेका गुणाचा चौकोन शिवायचा. सत्य, धीर, दया, असे. कापड मात्र घरातल्याच कुणाच्या तरी जुन्या कपड्यातलं हवं. शिकवायला शिवणबाईंशिवाय दुसरं कोण मिळणार? चर्चमागच्या खोलीत लांब टेबलाशी बसून त्या सगळ्यांना फैलावर घ्यायच्या. "अगं, टाका घालतेयस की खिळा ठोकतेयस?" मुलं खाली मान घालून हसायची.

'आनंद' सगळ्यांनाच हवा होता. 'क्षमा' कुणी घेईना. ती घेतली धाकटीच्या मुलीने, आणि पुढच्या शनिवारी तिने टेबलावर निळा तुकडा ठेवला.

शिवणबाईंनी तो हातात घेऊन उलटून पाहिला. आईच्या कोटाचा.

"तुझ्या आईनं दिला?"

"हो, मावशी," भाची टेबलाकडे बघत म्हणाली.

आता, कपड्यातून तुकडा द्यायचाच तर माणूस आतल्या पट्टीतला देतो, फार तर खालच्या दुमडीतला, बाहेरून दिसू नये म्हणून. हा तुकडा भर पाठीतला होता. मधली शिवण त्यातून गेली होती, त्यांच्याच हातची. राजीखुशीने कोटाची पाठ कोण कापून देतं? जन्म कापडात गेलेल्या बाईला हे कळू नये? कळलं होतं, चांगलं कळलं होतं. पण मनी वसे ते स्वप्नी दिसे. धाकटीने माझ्यासाठी अख्खा कोट मोडला, असं त्यांनी स्वतःला पटवलं आणि तो चौकोन पडद्याच्या मधोमध बसवला.

पडदा लावायच्या रविवारी त्या ठेवणीतले कपडे घालून लवकर आल्या. शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून जागा धरली. कुणी विचारलं तर सांगत होत्या, "माझी बहीण यायचीय." किती दिवसांनी हे वाक्य तोंडात आलं होतं, त्यांना फार गोड वाटत होतं.

धाकटी आली, पण बसली नाही. थेट पडद्यापाशी गेली आणि निळ्या चौकोनावर हात ठेवून उभी राहिली. भाची तिच्या मागोमाग आली. "आई, मी सांगणारच होते," ती पुटपुटली. "तुम्ही दोघी बोलाल असं वाटलं मला."

धाकटीने लेकीकडे पाहिलंसुद्धा नाही. "हवं ते मिळवलंस शेवटी, ताई. तेही पोरीच्या हातून."

"मला वाटलं तू दिलास."

"मी त्या कोटाची पाठ कापून देईन?"

शिवणबाई घाईघाईने म्हणाल्या, "कोट आण. आत्ता उसवते हा चौकोन. असा सांधून देते की कळणारसुद्धा नाही. उद्याच देते."

"तुझं उद्या मला माहीत आहे," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "उकाड्यातसुद्धा आई तो कोट अंगावरून काढू द्यायची नाही. म्हणायची, थोरली आली की तिला दिसायला हवा."

मग ती लेकीला घेऊन निघून गेली. शिवणबाईंनी खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

प्रार्थना झाल्यावर त्या पाळकसाहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, तो चौकोन काढते. त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. "छे, राहू द्या. सगळ्यांना तोच आवडलाय," ते म्हणाले.

पडदा अजून तिथेच आहे. शिवणबाईंच्या मशीनच्या खणात निळ्या दोऱ्याची रिळं आणून ठेवलेली आहेत. कोट काही आला नाही.