मिमेटाईट नावाचं खनिज

संग्रहालयातल्या कुलूपबंद काचेमागे शिशाचं एक दुर्मीळ खनिज होतं, मधाच्या रंगाचं. नाव मिमेटाईट. खालचा मजकूर मी मामीला वाचून दाखवला: मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नक्कल करणारा, हे दुसऱ्या एका खनिजासारखं दिसतं, म्हणून हे नाव.

नाव देणाऱ्याचं काय जातं? जन्मभर ते वागवायचं दुसऱ्यानेच.

मामी ही मामाची दुसरी बायको. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, ते वारलेल्या पहिलीचंच. घरातल्यांना सवयीचं होतं म्हणून.

"दगडाला बरंय," काचेवरून हात काढत मामी म्हणाली, "त्याला ओ द्यावी लागत नाही."

तेवढ्यात दारातून मामाने त्या नावाने हाक मारली.

"आले," मामी म्हणाली.