अर्धी चटई

वर्षा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ब्लाउजाला हूक लावत होते. साखळीहून तिचा भाऊ बोलत होता. "मालनताय, वर्षा गेली. आज सकाळी." मी "बरं" म्हटलं आणि उरलेले तीन हूक लावून टाकले. मग सुई कुठे खोचावी तेच सुचेना... त्याला आता महिना झाला. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच लिहावं म्हणतात. मला ते तितकंसं जमणार नाही, कारण वर्षाचा मला फार हेवा वाटायचा.

धारगळला हायवेच्या कडेला माझं शिवणाचं दुकान आहे. पेडण्यात कुठल्याही जत्रेला दशावतार असला आणि त्यात सदूदादा स्त्रीपार्ट करणार असले, की मी दुपारीच दुकान बंद करून देवळासमोर चटई टाकते. आमच्याकडे चटई टाकली की जागा धरली. माणूस कितीही उशिरा येवो, तिला कोणी हात लावत नाही. तीस वर्षं पहिली चटई माझी. सदूदादा गाडीतून उतरून देवाच्या पाया पडायला निघाले, की तिच्याकडे बघून मान हलवत. माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, पण तेवढी मान हलली की मला पुरे होतं.

वर्षा कॉलेजात शिकवायची आणि संशोधन करायची, तेही नटांवर नव्हे, नटांच्या चाहत्यांवर. पहिल्या दिवशी वही घेऊन माझ्या चटईच्या कडेला टेकली नि विचारलं, "ताई, तुम्ही स्वतःला कोण समजता?" आता याला काय सांगायचं? मी म्हटलं, "दुकानात मी टेलरबाई. घरात कोणाची बायको, कोणाची आवय. हंयसर चटयेर बसलंय काय मी माझी." तिचं पेन थांबलं. "हे परत सांगा," म्हणाली.

'इथे चटईवर बसले की मी माझी', हेच तिच्या प्रबंधाचं पहिलं वाक्य झालं. खाली लिहिलं होतं, एक प्रेक्षक, व्यवसाय शिवणकाम. नाव घालू का, असं तिने विचारलं होतं, खोटं कशाला बोलू. मीच लाजून नको म्हटलं. पण वाक्य माझं आणि डॉक्टर ती, हे काही केल्या पचेना. त्यात मुलाखती देता देता सदूदादा तिला 'आमची बाय' म्हणू लागले. गाडीतून उतरले की आधी विचारायचे, "बाय इली काय?" चटई माझी आणि चौकशी हिची. मी हसून तिला अर्धी जागा द्यायचे आणि आतून जळायचे.

या मोसमातल्या पहिल्या जत्रेआधी तिचा फोन आला. उपचार चालू होते, आवाज बारीक झाला होता. "ताई, माझी जागा धराल?" मी हो म्हटलं. आणि देवळासमोर गेल्यावर चटई मधोमध दुमडून एकीपुरतीच टाकली. एकदा तरी सदूदादांनी फक्त माझ्याकडे बघावं, एवढंच मला हवं होतं. ती आली, दुमडलेल्या चटईकडे बघितलं आणि म्हणाली, "असू द्या, मला खुर्चीच बरी." खुर्च्या मागे असतात, पाहुण्यांसाठी. वही मांडीवर ठेवून ती तिथे जाऊन बसली. सदूदादा तिला शोधत मागे गेले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

परवा आमच्या गावची जत्रा झाली. मी दुपारी चटई नेली आणि पूर्ण उलगडली. मधली घडी हाताने कितीदा दाबली तरी वर येत होती. शेजारची बाई सरकत म्हणाली, "हंयसर कोण बसता?"

"माणूस येतला," मी म्हटलं.

गाडी आली. सदूदादा उतरले आणि माझ्यासमोर थांबले. त्यांना कळलं होतं. रिकाम्या अर्ध्या भागाकडे ते बराच वेळ बघत राहिले... मग वाकून त्यावर हात टेकला आणि देवळात गेले. माझ्याकडे बघायचं राहूनच गेलं. खरं सांगते वर्षा, मला तेव्हाही तुझा हेवा वाटला. पण तुझी जागा मी शेवटपर्यंत कोणाला दिली नाही.