कुंकवाने भरलेला नऊ

मामा गेल्याची तार पुण्याला पोचली तेव्हा कुंभकोणमला सगळं आटोपलं होतं. आम्ही गाठला तो तेरावा. त्यालाही आता महिना होऊन गेला. रडून झालंय, शीण मात्र उतरत नाही... आणि तो काही प्रवासाचा नव्हे.

माझे मामा तिथल्या बाजारात पितळेची भांडी विकत. तंजावरच्या मराठी राज्यापायी दक्षिणेत गेलेल्या घराण्यांपैकी आमचं आजोळ. राज्य गेलं, तोरा राहिला, जुन्या वळणाची बोली राहिली, आणि राहिलं आजोबांचं एक पिस्तूल. "महाराजांनी आपल्या पूर्वजांना दिलेलं," असं आजोबा, म्हणजे मामांचे अप्पा, सांगत. लांब नळी, लाकडी मूठ, मुठीवर खोल कोरलेला इंग्रजी नऊचा आकडा. तो म्हणे नवमीचा! म्हणून खंडेनवमीला मामा ते पाटावर मांडायचे आणि त्या नऊमध्ये कुंकू भरायचे. त्याआधी चिंच आणि राख लावून असं घासायचे की नळीत तोंड दिसावं. भांडीवाल्याचाच हात तो. मामी म्हणायची, "घासा, घासा... उद्यां दुकानांत मांडा."

आजोबा वारले आणि पिस्तुलाचा परवाना मामांच्या नावावर करायची वेळ आली. कचेरीने विचारलं, हत्यार कुठल्या बनावटीचं, किंमत काय, घरात आलं कसं? मी सुट्टीला तिथेच होते, म्हणून मामांबरोबर तिरुचिरापल्लीच्या बंदूकवाल्याकडे गेले. त्याने भिंग लावून नळी उलटसुलट पाहिली.

"ह्यावर कारखान्याचं नाव होतं, नंबर होता, काळी झिलई होती," तो तमिळमध्ये म्हणाला. "कुणी खरवडली?"

"खरवडली नाही," मामा म्हणाले. "पूजा केली."

तो हसलाही नाही. शौकीन माणसाने चांगला भाव दिला असता, आता मोडीचाच, एवढं म्हणाला. मग त्याने मुठीवरचं कुंकू बोटाने पुसलं आणि त्याला ओळख पटली. जर्मन फौजेचं पिस्तूल, पहिल्या महायुद्धातलं. नऊ हे गोळीचं माप, आणि शिपायाने भलतीच गोळी भरू नये म्हणून तो आकडा मुळातच लाल रंगवलेला असायचा.

तंजावरचं राज्य त्याच्या कितीतरी आधी बुडालेलं. आणि आजोबा तर त्याच लढाईत बसऱ्याला पलटणीचे कारकून होते! ते मी बोलून गेले. बंदूकवाला भला माणूस. म्हणाला, "वडिलांनी लढाईतून आणलं असं लिहा. मी दाखला देतो, परवाना मिळेल."

मामांनी पिस्तूल फडक्यात गुंडाळून उचललं. परतीच्या गाडीत मीच विषय काढला. "लिहून टाका ना, मामा. पिस्तूल तरी राहील."

"महाराजांनीं दिलें म्हणून अप्पा बोलिले," मामा म्हणाले. "मीं वेगळें लिहिलें तर ते लबाड जाहले कीं."

काही दिवसांनी ते स्वतः कचेरीत जाऊन पिस्तूल जमा करून आले. पुढच्या खंडेनवमीला पाटावर दुकानाचा तराजू मांडला, घासून लख्ख केलेला. मला फार राग आला होता, पुढेही येत राहिला. जन्मभर जीव लावलेली वस्तू अशी सोडून द्यायची, तीही एका भाबड्या समजुतीपायी?

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे मामांच्या खोलीत मामी त्यांची धोतरं आवरत होती. मी म्हटलं, "बिचारे मामा, शेवटपर्यंत आजोबांचं खरं मानून बसले."

मामीचा हात थांबला.

"कोण बोलिलें तुज?" ती म्हणाली. "मामंजी, तुझे आजोबा, बसऱ्याहून आले, तेव्हां तो पेटारा ह्यांनींच उघडिला. लहान होते. पिस्तूल वरतींच होतें... कोणापाशीं एक अक्षर काढिलें नाहीं. मज सांगितलें तेंही ह्या आजारांत."

मग तिने एक धोतर माझ्याकडे सरकवलं, आणि आम्ही दोघी घड्या घालत बसलो.