बंडूजींनी कापलेला समास

हिंगणघाटात बंडूजींचं बाइंडिंगचं दुकान चाळीस वर्षांचं. शाळांचे हजेरीपट, वकिलांच्या फायली, ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. वाचलं मात्र त्यांनी त्यातलं एकही नाही. "वाचत बसलो त शिवीन कवा?" असं वर विचारायचे, तेही तोऱ्यात. माणूस सरळ, भिडस्त, आणि गर्व एकाच गोष्टीचा: कडा. शिवलेलं पुस्तक मशीनमध्ये घालून तिन्ही बाजूंनी असं कापायचे की बोट घसरलं पाहिजे. कडा न कापता पुस्तक देणं म्हणजे त्यांना अर्धी दाढी करून गिऱ्हाईक उठवल्यासारखं वाटे.

गेल्या उन्हाळ्यात गिरडकडच्या एका टोल्यावरची, म्हणजे रानातल्या छोट्या वस्तीवरची, ज्योत्स्ना मडावी त्यांच्याकडे आली. तिला नर्सची नोकरी लागली होती, पण जमातीचा दाखला पडताळणीत टिकला तरच ती राहणार होती. त्यासाठी एकोणीसशे पन्नास सालाआधीचा कागद हवा. रानात राबणाऱ्या गोंडाच्या घरी तेव्हाचा कागद कुठून असणार? ज्योत्स्नाच्या घरात मात्र एक पुस्तक होतं, मध्यप्रांताचा शंभरेक वर्षांपूर्वी छापलेला इतिहास. टोल्यावरचे शाळामास्तर बदली होऊन जाताना ते तिच्या पणजोबांना देऊन गेले होते. गोंड राजांच्या प्रकरणात मास्तरांनी समासात शाईनं टिपून ठेवलं होतं, की या राजांचे जातभाई आमच्या टोल्यावर आहेत. अमुक घर, अमुक नाव, जात गोंड. खाली तारीख आणि सही.

यातलं तिनं बंडूजींना काहीच सांगितलं नाही. "काका, पानं निसटून राह्यली. सुनावणीले न्यायचं हाय. एकही पान हरवू देऊ नका," एवढंच म्हणाली.

बंडूजींनी एकही पान हरवलं नाही. मोजून शिवली, पुठ्ठा चढवला, आणि मग नेहमीसारख्या कडा कापल्या. कातरण पोत्यात गेली, पोतं रद्दीवाल्यानं नेलं.

ज्योत्स्नानं पुस्तक उघडलं आणि ती दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. "काका, लिहिलेलं कुठं गेलं?"

"मले वाटलं, कोणं तरी पान खराब केलं," बंडूजी म्हणाले. सगळं ऐकल्यावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दोन दिवस त्यांना घास गिळवला नाही.

तरी अजून सगळं बुडालं नव्हतं. तिच्या मोबाईलमध्ये त्या पानांचे फोटो होते, आणि शिलाईजवळची एक ओळ मशीनच्या पात्यातून वाचली होती. नागपूरच्या पडताळणी कचेरीतले साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. ते म्हणाले, "ओळ आणि फोटो जाणकाराला दाखवू. जुळले तर विचार करता येईल. ज्यानं कापलं त्याला मात्र आणा, काय झालं ते त्यानं सांगावं."

नागपूरच्या बसमध्ये ज्योत्स्ना म्हणाली, "काका, झालं तेवढंच सांगजा." बंडूजींनी मान डोलावली. पण पोरीचं नुकसान आपल्या हातून झालं, हे त्यांना आतून खात होतं. नुसतं कापलं म्हणून सांगायचं आणि परतायचं, हे त्यांच्या मनाला पटेना.

साहेबांसमोर ते उभे राहिले आणि म्हणाले, "कापलं मीच, साहेब. पण आधी समदं वाचलं होतं. हिच्या पणज्याचं नाव होतं, गोंड लिहिलं होतं. माह्या डोळ्यानं वाचलं."

ज्योत्स्नानं चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

साहेबांनी पुस्तक पुढे सरकवलं. "ही उरलेली ओळ तेवढी वाचा."

बंडूजींनी चष्मा लावला. एका लांब रेघेखाली अक्षरं एकमेकांत गुंतत पळत होती. एकही ओळखीचं नव्हतं. मास्तरांनी मोडीत लिहिलं होतं, आणि बंडूजी ती ओळ आज पहिल्यांदाच निरखून बघत होते.

"मोडी येते तुम्हाला?"

बंडूजींनी चष्मा उतरवला.

"कोणी शिकवून आणलं?"

"कोणं नाई, साहेब. मीच."

"असं खोटं बोलणाऱ्याच्या दुकानातून आलेल्या पुस्तकावर मी विश्वास कसा ठेवू? उरलेली ओळही मागाहून लिहिलेली नसेल कशावरून?" साहेबांनी फोटो परत केले. जाणकाराकडे मग काहीच गेलं नाही. दावा फेटाळला गेला आणि नोकरीही गेली.

त्या दिवशी कचेरीचा जिना उतरताना बंडूजी रडत होते. ज्योत्स्ना रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "काका, आमी गोंड हाओ हे खरंच होतं ना? मंग त्याच्यासाठी खोटं काऊन बोलले?"