जॅकचे जास्तीचे दोन दाब

मला थांबता येत नाही. ताट वाढेपर्यंत मी दोनदा उठून दारात जाऊन येतो. बायको म्हणते, पायाला भिंगरी बांधूनच जन्मलाय. त्या शुक्रवारी तर सकाळपासून जीव नुसता वरखाली होत होता. निंबर्ग्याला माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची तूर कापून खळ्यावर गंज घालून ठेवलेली होती आणि आभाळ भरून यायला लागलं होतं. दाजी गेल्यापासून शेत ती एकटीच बघते, आणि तिचं वर्ष त्या एका गंजीत होतं. मळणीयंत्र माझं, स्वतःच्या इंजिनावर चालणारं, मंठाळला माझ्या दारातच उभं. पण ऐन हंगामात ते ओढून न्यायला कुणाचा ट्रॅक्टर रिकामा नव्हता. म्हणून मी माझ्या जुन्या पिकअपलाच मागे हूक बसवायचं ठरवलं. संध्याकाळी मशीन घेऊन येतो, असं अक्काला सांगूनही टाकलं.

बसवकल्याणच्या रस्त्यावर एक गॅरेज आहे. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला सगळे चाचा म्हणतात. त्यानं सरळ रेषा बघायला गाडीखाली पुढून मागे सूत धरलं आणि म्हणाला, चासीची, म्हणजे खालच्या सांगाड्याची डावी पट्टी मागच्या टोकाला बोटभर आत गेलीय. मला ते ठाऊक होतं. आदल्या वर्षी रिव्हर्स घेताना बांधाच्या दगडावर मीच गाडी घातली होती. मी म्हणालो, बोटभराचं काय एवढं, हुकाची भोकं जरा लांबट करा आणि बोल्ट आवळून टाका.

"वाकड्या चासीला हूक लावला तर मशीन रस्त्यानं तिरकं चालतंय, अण्णा. समोरून येणाऱ्याला लागंल," तो म्हणाला आणि साखळी आणायला गेला.

गॅसनं तापवून पट्टी पटकन सरळ होते, हे मला माहीत होतं. तेही सुचवून पाहिलं. तापवलं की लोखंड मऊ पडतं आणि ओझ्याखाली पुन्हा वाकतं, असं त्याचं म्हणणं. मग सुरू झाली त्याची रीत. साखळी आवळायची, जॅकचा एक दाब द्यायचा, हातोडीनं पट्टीवर हलकेच ठोकत जायचं, जॅक सोडायचा, सूत धरायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. तीन तास हेच. मी चार चहा प्यालो आणि दर चहाला आभाळाकडे बघितलं.

एकच्या सुमारास त्यानं शेवटचा दाब दिला, हात धुतले आणि नमाजला निघाला. तासभर पट्टी अशीच ताणावर राहू द्या, म्हणजे लोखंड त्या जागी बसेल, एवढं सांगून गेला. मला तो एक तास डोंगराएवढा वाटला. त्यात अक्काचा फोन आला, की आळंदकडं वीज चमकायलीय. मी फोन ठेवला आणि गाडीखाली शिरलो. म्हातारा भितो, म्हणून त्याला वेळ लागतो, असं मनाशी ठरवलं आणि जॅकला दोन दाब दिले. आत कुठंतरी खट्ट झालं. मी बाहेर येऊन बाकड्यावर बसलो.

तो आला, जॅक सोडला, सूत धरलं. पट्टी आता बोटभर बाहेर गेली होती आणि आडव्या पट्टीचे दोन रिवेट ढिले झाले होते. तो थोडा वेळ जॅकच्या दांड्याकडे बघत राहिला. हात लावलात का, म्हणून त्यानं एकदाच विचारलं. मी न्हाई म्हणालो. आता मागचा हौदा उतरवावा लागेल, गाडी उद्या दुपारी मिळेल, असं तो म्हणाला.

तेवढ्यात पुन्हा अक्काचा फोन. कामून उशीर व्हायलाय, म्हणून विचारत होती. चाचा हातभर अंतरावर उभा होता, तरी मी बोलून गेलो, की मिस्त्रीनं पट्टी जास्त दाबली, चासी बिघडवून ठेवली. किती सहज बोललो, याची आज लाज वाटते. त्यानं फोनसाठी ग्रीसचा हात पुढे केला. आता हा सगळं सांगणार, असं वाटलं, तरी फोन द्यावाच लागला.

"अक्का, चूक माझी झाली. उद्या दुपारी गाडी देतो. तवर गंजीवर ताडपत्री घाला, चारी कोपऱ्यांना दगड ठेवा." एवढं बोलून त्यानं फोन मला दिला आणि हौद्याचे बोल्ट खोलायला लागला.

त्या रात्री पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी मी मशीन जोडून निघालो, तर ते मागून एका रेषेत येत होतं, कुठं झोल नाही. अक्का खळ्यावर वाकून गंज उकरत होती. ताडपत्री एका बाजूला अपुरी पडली होती. त्या बाजूच्या शेंगा काळ्या पडून फुगल्या होत्या. ती ओल्या पेंढ्या बाजूला काढता काढता म्हणाली, "बोलण्यात मिस्त्री चांगला वाटला रे, पण काम येत न्हाई त्याला. पुन्हा त्याच्याकडं गाडी नेऊ नको."

मी "व्हय" म्हणालो आणि मशीनचा पट्टा चढवायला लागलो.